केप नको, ट्रक काढा : माजी सैनिकासाठी युद्धकाळातल्या कॉमिकच्या धर्तीचं मुखपृष्ठ कसं करावं

अकरा नोव्हेंबर, म्हणजे अमेरिकेतला माजी सैनिकांचा दिवस, जवळ आला की आमच्या न्यू जर्सीतल्या गावच्या वाचनालयात एक भिंत माजी सैनिकांसाठी मोकळी करतात. नातवंडं पोस्टरं घेऊन येतात. त्यांतल्या निम्म्या पोस्टरांत डोकं आजोबांचं आणि धड कॅप्टन अमेरिकेचं असतं. फोनवरचं एखादं अ‍ॅप दोन मिनिटांत हे जमवून देतं. आजोबा हसतात, नातवाच्या पाठीवर हात फिरवतात आणि कॉफीच्या टेबलाकडे वळतात. पोस्टरपाशी पुन्हा काही ते जात नाहीत.

मी गेली दहा-अकरा वर्षं अशा माणसांसाठी मुखपृष्ठं करते. धाटणी १९४०च्या दशकातल्या सुपरहिरो कॉमिकची, पण आत तो माणूस स्वतः, त्याच्या गणवेशात, त्याच्या कामावर. वडिलांचा गिरगावात छापखाना होता. ठिपके, ब्लॉक आणि हललेलं रजिस्टर (म्हणजे एकमेकांवर नीट न बसलेले रंगांचे ठसे) बघतच मी मोठी झाले, त्यामुळे या जुन्या कॉमिकांवर जीव जडायला वेळ लागला नाही. एका मुखपृष्ठाला दोन-अडीच महिने धरा. त्यातला निम्मा वेळ चित्र काढण्यात जातच नाही.

आधी मूळ चित्रं डोळ्यांखालून घाला

सुरुवात कॅप्टन अमेरिकेच्या पहिल्या अंकापासून करा. अंकावर महिना मार्च १९४१ असला तरी तो विक्रीला आला २० डिसेंबर १९४० रोजी. पर्ल हार्बरवरचा हल्ला ७ डिसेंबर १९४१चा. म्हणजे अमेरिका युद्धात उतरायला जवळजवळ वर्ष बाकी असताना जो सायमन आणि जॅक कर्बी या दोघा ज्यू तरुणांनी हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारणारा नायक दहा सेंटांत विकायला ठेवला. काही वाचकांना ते रुचलं नाही. धमक्या आल्या, आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी फोन करून पोलीस संरक्षणाची हमी दिली, असं सायमन पुढे सांगत.

ते मुखपृष्ठ समोर ठेवून पाच मिनिटं नुसतं बघा. ठोसा उजव्या हाताचा आहे. चारी बाजूंनी गोळ्या येताहेत, एक ढालीवर आपटते आहे. मागच्या पडद्यावर घातपात चाललेला दिसतो, जमिनीवर अमेरिकेचा नकाशा आणि घातपाताच्या योजनेचे कागद. खाली कोपऱ्यात वर्तुळात नायकाचा पोरसवदा साथीदार बकी सलाम ठोकतोय. एवढी गर्दी असूनही नजर पहिल्यांदा जाते ती जबड्यावर, कारण बंदुका, हात, पडणारं शरीर या सगळ्यांच्या रेषा तिकडेच धावतात. (ढाल इथे त्रिकोणी आहे. दुसऱ्या कंपनीच्या ‘शील्ड’ या नायकाशी ती फार मिळतीजुळती वाटली, म्हणून पुढच्या अंकापासून गोल झाली. आज ती जगभर ओळखली जाते ती या भांडणामुळे.)

मग अ‍ॅलेक्स शॉम्बर्ग यांची मुखपृष्ठं शोधा. पोर्तो रिकोत जन्मलेल्या या चित्रकारानं युद्धकाळात अशी शेकड्यांनी केली. त्याच्या चित्रात लोखंडी पत्र्याचा एकेक रिव्हेट दिसतो आणि एका पानात सात-आठ प्रसंग एकाच वेळी घडत असतात. कर्बीकडून धक्का शिकायचा आणि शॉम्बर्गकडून यंत्रं.

आता या लेखातली माझी खरी भूमिका. ही चित्रं काढणाऱ्यांपैकी अनेकजण पुढे स्वतः सैन्यात गेले, आणि त्यांच्या वाट्याला आलेलं युद्ध मुखपृष्ठांवरच्या युद्धासारखं नव्हतं. कर्बी १९४३मध्ये भरती झाला, ऑगस्ट १९४४मध्ये नॉर्मंडीला उतरला. याला चित्रं काढता येतात हे कळल्यावर वरिष्ठानं त्याला आघाडीच्या पुढे टेहळणीला धाडलं : गावं बघून ये आणि नकाशे काढ. हिवाळ्यात त्याचे पाय गारठून इतके सुजले की कापावे लागतील अशी वेळ आली. सायमन तटरक्षक दलात होता. कॉमिकलेखक स्टॅन ली सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेत, प्रशिक्षणाच्या फिल्मा लिहीत होता. विल आइसनर लष्करी गाड्यांची निगा कशी राखावी हे चित्रांतून शिकवत होता. बर्ट क्रिसमन हा चित्रकार तर वैमानिक होऊन ‘फ्लाइंग टायगर्स’ या चीनच्या बाजूनं लढणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या तुकडीत गेला आणि जानेवारी १९४२मध्ये ब्रह्मदेशात मारला गेला.

आणि सुपरमॅन? १९४२मधल्या वर्तमानपत्री चित्रमालिकेत क्लार्क केंट भरतीला जातो, उत्साहाच्या भरात त्याची क्ष-किरण नजर भिंतीपार जाते, तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचतो आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास होतो. तो पास झाला असता तर युद्ध संध्याकाळपर्यंत संपवावं लागलं असतं, आणि आघाडीवर खरोखर मरणाऱ्या पोरांची ती थट्टा झाली असती. सुपरमॅनचा मूळ चित्रकार जो शुस्टर याला सैन्यानं खराब नजरेपायीच परत पाठवलं होतं, हे लक्षात ठेवून तो प्रसंग वाचा.

ज्यांनी हे नायक घडवले त्यांनाच सुपरहिरोला खऱ्या सैनिकाच्या जागी उभं करायचा संकोच वाटला. मग आपण खऱ्या सैनिकाला सुपरहिरोच्या कपड्यांत कशाला कोंबायचं? धाटणी घ्या, वेश सोडा.

या खजिन्यातलं किडकं धान्य

हा भाग टाळता येत नाही. युद्धकाळातल्या कॉमिकांत जपानी माणसं पिवळीजर्द, सुळे असलेली, माणूसपण काढून घेतलेली दिसतात. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या ५८व्या अंकावर स्वतः सुपरमॅन जपान्यांना थप्पड मारा असं शिवीवजा शब्दांत सांगत युद्धरोख्यांचं पोस्टर छापतोय. काळी माणसं आलीच तर जाड ओठांची, घाबरट, विनोदापुरती. ‘कॅप्टन मार्व्हल’मधलं स्टीमबोट नावाचं असं एक पात्र तरुण वाचकांच्या निषेधानंतर १९४५मध्ये बंद करावं लागलं.

ज्यांचा सन्मान करायचा ते कोण होते, हे त्या चित्रांशेजारी ठेवून बघा. ४४२वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम ही दुसऱ्या पिढीतल्या जपानी-अमेरिकनांची. त्यांतल्या अनेकांचे आईबाप काटेरी तारांमागच्या छावण्यांत होते आणि पोरं इटलीत, फ्रान्समध्ये लढत होती. त्यांच्या कुटुंबासमोर त्या काळचं अस्सल मुखपृष्ठ ‘काळाचा नमुना’ म्हणून टांगायचं? मी टांगत नाही. नवं चित्र काढताना शत्रूचा चेहराही शक्यतो टाळते. शत्रू म्हणजे धूर, गोळ्यांच्या रेषा, दूरवरची तोफ. चित्राचा जोर त्यानं कमी होत नाही, हे आपण पुढे बघूच.

माणसाशी बोला, आणि वस्तूंबद्दल बोला

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गणवेशात १ कोटी ६० लाखांहून अधिक माणसं होती. आज त्यांतली एक टक्काही उरलेली नाहीत. तेव्हा तुमच्यासमोर बहुतेक वेळा माणूस नसेल, मुलगी किंवा नातू असेल. माणूस असेल तर आधी त्याच्याकडे जा, कागदपत्रं नंतर.

‘सगळ्यात शौर्याचा प्रसंग सांगा’ असं विचारलंत की दार बंद. वस्तूंबद्दल विचारा. बूट कसले होते? गाडीचं इंजिन थंडीत कसं सुरू करायचात? खिशात काय असायचं? रात्री कुठला आवाज आला की जाग यायची? हातात फोटो द्या आणि गप्प बसा. ध्वनिमुद्रण करा, पण विचारून. तास-दीड तासाच्या वर ताणू नका. माणूस थांबला तर ‘मग काय झालं?’ म्हणून ढोसू नका. चहा मागा, किंवा इथे कॉफी.

मी पहिलं मुखपृष्ठ केलं ते नव्वदी ओलांडलेल्या एका कृष्णवर्णीय आजोबांसाठी. त्यांचं पहिलं वाक्य : “मी काही केलं नाही, नुसता ट्रक चालवला.” दुसऱ्या भेटीत कळलं की तो ट्रक रेड बॉल एक्स्प्रेसचा, म्हणजे आघाडीला रसद पोचवणाऱ्या ट्रकांच्या ताफ्यातला होता.

नॉर्मंडीतून सुटल्यावर दोस्तांच्या फौजा इतक्या वेगानं पुढे गेल्या की पेट्रोल मागे राहिलं आणि फ्रान्सची रेल्वे बॉम्बफेकीनं मोडून पडली होती. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात हजारो ट्रक दिवसरात्र धावले, भरात असताना दिवसाला १२ हजार टनांहून अधिक माल पोचवत. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, दोन्ही एकेरी, नागरी वाहनांना बंदी. खुणेला लाल गोळा रंगवलेल्या पाट्या. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते, कारण वर्णभेदी सैन्यात त्यांना बहुतेक करून लढाऊ पलटणींऐवजी अशीच कामं मिळत. रात्री दिवे म्हणजे मांजराच्या डोळ्यांएवढ्या दोन फटी. आजोबा म्हणाले, पुढच्या ट्रकच्या मागचा तो ठिपका दिसेनासा झाला की पोटात गोळा यायचा.

मुखपृष्ठ तिथेच मिळालं. काळोख, दोन फटी, आणि स्टिअरिंगवर घट्ट धरलेले हात.

ध्वनिमुद्रण तीस मिनिटांहून मोठं आणि न कापलेलं ठेवा. अमेरिकी सैनिकाचं असेल तर ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्टला देता येतं. २०००मध्ये काँग्रेसच्या कायद्यानं सुरू झालेला हा संग्रह अशाच सामान्य माणसांच्या कहाण्या जपतो. तुमच्या चित्राचं काही होवो, आवाज तरी राहील.

कागद तपासा

आठवण आणि कागद यांत फरक पडतो. त्यात कुणी खोटं बोलत असतं असं नाही, पण चित्रावर चुकीचं पदक उमटलं तर लाज त्या माणसाची जाते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जवानाला सेवामुक्तीच्या वेळी ‘डब्ल्यूडी एजीओ ५३-५५’ हा कागद मिळे. त्यावर काम, मोहिमा, पदकं असे रकाने असतात. घरात तो नसेल तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे एसएफ-१८० हा अर्ज करा. नोकरी संपून ६२ वर्षं झालेल्यांच्या फायली कुणालाही मागता येतात.

पण आधीच सांगून ठेवते : तिथे १२ जुलै १९७३ रोजी मोठी आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सुटलेल्या लष्करी जवानांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. ‘रेकॉर्ड नाही’ असं पत्र आलं म्हणजे माणूस सैन्यात नव्हता असा अर्थ होत नाही. मग गावाच्या काउंटी कार्यालयात जा. बऱ्याच जणांनी घरी परतल्यावर सेवामुक्तीचा कागद तिथे नोंदवून ठेवला होता. पलटणीच्या रोजच्या हजेरीच्या नोंदी, शेवटच्या पगाराची पावती यांतूनही बरंच जुळतं.

खांद्यावरचा बिल्ला, दंडावरच्या पट्ट्या, शिरस्त्राण, हत्यार यांची एकेक फोटो-खूण करून वहीत लावा. १९४४चा सैनिक काढताना १९५१चं जॅकेट चढवलंत तर घरच्यांना कदाचित कळणार नाही, त्याच्या मित्राला मात्र दारातूनच दिसेल.

कच्चं चित्र

त्या काळचं कॉमिक छापून साधारण पावणेआठ बाय साडेदहा इंच भरे, आणि मूळ चित्र जवळपास दुप्पट आकारात काढत. तुम्हीही मोठं काढा. छोटं करताना थरथरलेल्या रेषा घट्ट होतात.

आधी बोटभर आकाराची आठ-दहा रेखाटनं करा. वरचा पाव भाग नावाचा, तिथे डोकं घुसलं तर चालेल, हात घुसला तर अजून छान. उरलेल्या जागेत एकच क्रिया. जमीन सरळ ठेवू नका. ट्रक खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर उजवीकडे चढताना दिसला की तो धावतो, आडवा काढलात तर पार्किंगमध्ये उभा राहतो. पुढचं चाक अंगावर येईल इतकं मोठं, मागचे ट्रक झरझर लहान होत गेलेले. आकाशात स्फोटाच्या प्रकाशाचा एकच पिवळा पंखा. शत्रूला जागाच लागली नाही : काळोख पुरला.

चेहरा मात्र कर्बीच्या चौकोनी जबड्यात बसवू नका. शरीर, कापड, यंत्र, धूर या सगळ्याला शैली लावा, चेहरा फोटोवरून प्रामाणिक काढा. नाक वाकडं असेल तर वाकडंच. जुन्या मुखपृष्ठांवर दहा सेंटांची किंमत एका छोट्या वर्तुळात असे. मी त्या जागी रेड बॉलचा लाल गोळा ठेवला. असं एखादं वर्तुळ प्रत्येकाच्या गोष्टीत सापडतं : घड्याळ, चाक, नर्सच्या पेटीवरचा क्रॉस.

शाई कुंचल्यानं भरा. पेननं केलेलं चित्र स्वच्छ दिसतं, पण कुंचल्याची रेष एकाच फटक्यात जाड-बारीक होते आणि सगळी जान तिथेच असते. काळा रंग सढळ हातानं. एक तृतीयांश पान काळं झालं तरी घाबरू नका.

अक्षरं, आणि देवनागरीची गंमत

आजोबांच्या मुखपृष्ठावरची अक्षरं अर्थात इंग्रजी होती. देवनागरीत हे करायची संधी मला नंतर मिळाली, इथल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी. विषय होता नामदेव जाधव, व्हिक्टोरिया क्रॉस.

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या शिपायाची गोष्ट आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये ते कंपनीचे निरोप्ये होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदी ओलांडताना बरोबरचे बहुतेक सगळे पडले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, खड्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे आणलं. मग एकट्यानं मशीनगनच्या चौक्यांवर चाल केली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब वापरले. शेवटी भडिमार चालू असतानाच बांधावर चढून पलटणीची गर्जना देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्याआधी चारच दिवस, त्याच इटलीत दुसऱ्या टोकाला ४४२व्या पलटणीचे जपानी-अमेरिकन डोंगर चढून गेले होते. या दोन्ही प्रसंगांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचताना मला फार बरं वाटलं.

इथेही मोह होतोच : फेटा बांधावा, मागे किल्ला काढावा. नको. १९४५च्या इटलीत त्यांच्या डोक्यावर ब्रिटिश धाटणीचं पसरट लोखंडी शिरस्त्राण होतं, तेच काढा. प्रसंग निवडताना मी हातबॉम्ब सोडले आणि छातीभर पाण्यातून जखमी सोबत्याला नेणारा माणूस घेतला. दोन देहांचं ओझं, वर चढत गेलेला काठ, मध्ये एक उभी पांढरी फट.

आता अक्षरं. इंग्रजी कॉमिकच्या नावाला कमान देतात आणि अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून खाली सावलीची खोली. देवनागरीत कमान शिरोरेषेला द्यायची. ती एकसंध पट्टी वाकली की आख्खं नाव पोलादी तुळईसारखं दिसतं. रोमन लिपीला हे सुख नाही. मात्र मात्रा, वेलांट्या, अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, तेव्हा वर अक्षराच्या उंचीच्या निम्मी तरी जागा सोडा. ‘नामदेव जाधव’मध्ये वर जाणारी मात्रा एकच, ‘दे’ची. ती मी मागच्या तोफेच्या धुराला जोडून दिली. खोलीची सावली सगळ्या अक्षरांना एकाच बाजूला, खाली उजवीकडे. ‘ध’च्या डोक्यापाशी शिरोरेषा तुटते, तिथे सावलीही तुटली पाहिजे. फॉन्ट वाकवून हे होत नाही. एखाद्या जुन्या पाटी रंगवणाऱ्या पेंटरच्या हातची दुकानाची पाटी बघा, त्यात सगळं आहे.

खाली एकच ओळ मजकूर, तीही खरी. ‘अद्भुत! थरारक!’ वगैरे काही नको. आजोबांच्या चित्राखाली मी फक्त तारखा आणि त्यांच्या ट्रक कंपनीचा आकडा घातला.

रंग : ६४ घरांची पेटी

अमेरिकन कॉमिकच्या आतल्या पानांची नेहमीची रीत अशी : सायन (आकाशी निळा), मजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा, प्रत्येकाच्या २५, ५० आणि १०० टक्के अशा तीन छटा, आणि चौथी म्हणजे काहीच नाही. चार गुणिले चार गुणिले चार, झाले ६४ रंग. वर काळी रेष. संगणकावर हे करायचं तर प्रत्येक रंगाचा वेगळा थर करा आणि याच आकड्यांत अडकून राहा. हे बंधन पाळलंत की चित्र आपोआप त्या काळाचं दिसू लागतं. ठिपक्यांची जाळी इंचाला ६५ रेषांच्या आसपास, कोन काळ्याला ४५ अंश, मजेंटाला ७५, सायनला १५, पिवळ्याला शून्य. कोन सारखे ठेवलेत तर ठिपक्यांवर भलतीच लाटेसारखी नक्षी उमटते. गिरगावात अशी नक्षी उमटली की वडील ब्लॉकमेकरच्या नावानं शंख करायचे.

एका जागी मात्र मी नियम मोडते. या ६४ घरांत गडद तपकिरी कातडी बसतच नाही. मजेंटा ५० घेतला तर माणूस शेवाळी होतो, १०० घेतला तर लालबुंद. गोऱ्या कातडीला पेटीत घर होतं, बाकीच्यांना नव्हतं. म्हणून आजोबांना आणि जाधवांनाही मी सायन ५०, मजेंटा ७०, पिवळा ८० च्या जवळपासचा रंग दिला आणि उजेड पडलेल्या बाजूला तोच हलका केला. छापून बघा, प्रत्येक यंत्रावर तो थोडा सरकतो.

रजिस्टर किंचित हललेलं हवं, म्हणजे लाल रंग रेषेबाहेर केसभर डोकावेल इतकंच. चेहऱ्यावर ते नको, डोळे दुहेरी दिसतात. आणि कागद पिवळा करणं, खोट्या घड्या, खोटे डाग, गंजलेल्या पिना : यातलं काहीही करू नका. आपल्याला ती कॉमिक जीर्ण दिसतात कारण आपण ती ऐंशी वर्षांनी बघतो. त्या माणसानं ती स्टॉलवर करकरीत पाहिली होती.

हक्क, कागद, फ्रेम

कॅप्टन अमेरिका, सुपरमॅन, वंडर वुमन यांचे मालक आहेत. त्यांची चित्रं, चिन्हं, ढाल, नावाची अक्षरं उचलू नका, विशेषतः विक्री किंवा देणगीसाठी काही छापणार असाल तर. त्या काळच्या काही प्रकाशकांनी २८ वर्षांनी हक्कांचं नूतनीकरण केलं नाही, म्हणून त्यांची कॉमिकं आज मुक्त आहेत. ‘ब्लॅक टेरर’, ‘फायटिंग यँक’ ही त्यांतली. डिजिटल कॉमिक म्युझियमच्या संकेतस्थळावर अशी शेकडो अंकांची पानं मोफत बघता येतात, अभ्यासाला उत्तम. सैन्यदलांची बोधचिन्हं विकाऊ मालावर छापायलाही परवानगी लागते. घरच्या भिंतीसाठी एक प्रत काढताना एवढा घोळ नाही.

आम्लमुक्त मॅट कागद, पिगमेंट शाई, माउंटही आम्लमुक्त, समोर अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक. थेट उन्हात टांगू नका.

कुणाच्या माळ्यावर १९४०चं खरं कॉमिक सापडलं तर ते कापून कोलाज करायचा विचार मनातही आणू नका. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा आणि भिंतीसाठी स्कॅन वापरा. युद्धात रद्दी गोळा करायच्या मोहिमांत ही कॉमिकं पोत्यांनी लगद्यात गेली. जी उरली ती कुणीतरी आईची नजर चुकवून लपवली म्हणून.

कच्ची प्रत स्वयंपाकघरात दाखवा

शेवटची पायरी लोक हमखास गाळतात, कारण त्यांना भर सभेत पडदा सरकवून आश्चर्याचा धक्का द्यायचा असतो. तसं करू नका. आधी साध्या कागदावर प्रत काढा, घरी जा, टेबलावर ठेवा आणि पेन्सिल त्या माणसाच्या हाताशी सरकवा.

आजोबांकडे मी अशी गेले होते, आणि खरं सांगायचं तर चुका काढाव्यात म्हणून गेलेच नव्हते, कौतुक ऐकायला गेले होते. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवलं ते स्टिअरिंगवर. “हा ट्रक इंग्रजांचा आहे का?”

रचनेला बरं दिसतं म्हणून मी मूळ फोटो आरशासारखा उलटवला होता. स्टिअरिंग डावीकडचं उजवीकडे गेलं. मी मुंबईत वाढलेली, आमच्याकडे स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे दोन महिने रोज त्या चित्रावर वाकूनही मला काही खटकलं नव्हतं. मग त्यांचं बोट वर सरकलं, छातीवर. पदकांच्या फितीही डावीकडून उजवीकडे गेल्या होत्या. फोटोतले जॅकेट मी ट्रकमध्ये चढवलं होतं, तेही त्यांना पटेना : असले फितीबिती लावून रात्री कोण ट्रक चालवतं? ते हसत होते, आणि मी कानापर्यंत लाल झाले होते.

त्यांनी पेन्सिल घेतली. फिती खोडल्या. शेजारच्या रिकाम्या सीटवर थरथरत्या हातानं एक गोल काढला, त्याखाली दोन खांदे. ट्रकवर नेहमी दोन चालक असायचे, एक झोपायचा, एक चालवायचा. मी तर एकटाच नायक काढला होता. त्यांनी मला दुसऱ्याचं नाव सांगितलं, तो कुठल्या गावचा आणि कसा घोरायचा तेही.

चित्र पुन्हा पहिल्यापासून काढलं. ट्रक उजव्या कोपऱ्यातून डावीकडे चढू लागला, स्टिअरिंग जागेवर आलं, आणि बाजूला एक पोरगा तोंड उघडं टाकून झोपलेला. प्रती दोन काढल्या. दुसरी त्या घोरणाऱ्याच्या लेकीकडे पोचवायची होती, आणि तिचा पत्ता मिळवायला मला चित्रापेक्षा जास्त दिवस लागले.